किडनी थकलेली असताना हृदयात शॉकचं यंत्र बसवावं का?

हृदयाचे डॉक्टर म्हणतात, पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय, यंत्र बसवून घ्या. किडनीचे डॉक्टर रिपोर्ट चाळतात आणि म्हणतात, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा कचरा) बघता जरा थांबू या. घरचे मधल्यामध्ये अडकतात. हे दोन डॉक्टर एकमेकांशी दहा मिनिटं बोलले तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो, पण तसं नेहमी घडतंच असं नाही. मग घरचे इंटरनेटवर शोधतात आणि तिथे एका ठिकाणी ‘यंत्रानं जीव वाचतो’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘किडनीच्या पेशंटला उपयोग नाही’ असं वाचून आणखी गोंधळतात.

दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. हे यंत्र मृत्यूचा एकच प्रकार टाळतं. समोरच्या माणसाला त्याच प्रकाराचा धोका सगळ्यात मोठा असेल, तर त्याच्याइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही. धोका भलतीकडूनच येणार असेल, तर यंत्र छातीत नुसतं पडून राहतं आणि कधीकधी स्वतःच दुखणं होऊन बसतं. किडनी जसजशी खालावते तसतसा हा हिशेब बदलत जातो. तो कसा, हे नीट समजून घेऊ.

आधी हृदयाचं बघू. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय धडधडत असतं, पण शरीराला लागतं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. इको तपासणीत ज्याला आपण ‘पंपिंग’ म्हणतो तो आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, त्याचं ते माप. निरोगी माणसाचंही ते साधारण ५५ ते ७० टक्के असतं, शंभर कुणाचंच नसतं. त्यामुळे ‘पंपिंग तीस’ याचा अर्थ हृदयाचा सत्तर टक्के भाग मेला, असा नाही. पण ३५ टक्के किंवा त्याहून कमी म्हणजे हृदय बरंच अशक्त झालंय, हे नक्की.

अशा हृदयाचा धोका दोन वाटांनी येतो. एक वाट संथ आहे. पाणी साचत जातं, धाप वाढते, पाय सुजतात, वारंवार दवाखान्यात भरती व्हावं लागतं आणि शेवटी पंपच हार मानतो. दुसरी वाट अचानक येते. हार्ट अटॅकनंतर किंवा स्नायू ताणला गेल्यावर हृदयात जखमेचे व्रण राहतात. त्या व्रणांभोवती वीज भलत्याच मार्गानं गोलगोल फिरू लागते, खालचे कप्पे मिनिटाला दोनशेच्या वेगानं धावतात किंवा नुसते थरथरतात. थरथरणारा कप्पा रक्त ढकलत नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत सगळं संपतं. सकाळपर्यंत चालताबोलता असलेला माणूस असा जातो.

ही दुसरी वाट अडवायला आयसीडी नावाचं यंत्र असतं. काही डॉक्टर त्याला एआयसीडी म्हणतात. कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत, एक चपटी डबी बसवतात. तिच्यातून निघालेली वायर, म्हणजे लीड, शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते. डबीतला छोटा संगणक प्रत्येक ठोका मोजत असतो. धोकादायक वेग दिसला की बहुतेक वेळा आधी तो हृदयाला त्याहूनही जलद, बारीक ठोके देऊन ताल मोडायचा प्रयत्न करतो. हे पेशंटला कळतही नाही. ते जमलं नाही तर शॉक देतो, साधारण ३५ ते ४० ज्यूलपर्यंतचा. शुद्धीत असताना तो बसला तर छातीत कुणी लाथ मारल्यासारखं वाटतं, असं ज्यांना बसलाय ते सांगतात.

या यंत्राची कल्पना मिशेल मिरोवस्की या डॉक्टरांची. १९६६ मध्ये त्यांचे एक ज्येष्ठ सहकारी अशाच अचानक बिघडलेल्या तालामुळे गेले आणि मिरोवस्कींनी हा ध्यास घेतला. अनेक नामवंतांनी तेव्हा कल्पना हास्यास्पद ठरवली होती. फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिलं यंत्र माणसात बसलं, १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीला छाती उघडावी लागे आणि डबी पोटात ठेवावी लागे, इतकी ती मोठी होती.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. आयसीडीनं पंपिंग सुधारत नाही. धाप कमी होत नाही, सूज उतरत नाही, चालण्याची ताकद वाढत नाही. ते फक्त पहारा देतं. दिसायला त्याच्यासारखी असलेली आणखी दोन यंत्रं आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. साधा पेसमेकर हृदय फार मंद झालं तर ठोका देतो. सीआरटी नावाचं यंत्र हृदयाच्या दोन बाजूंना एकाच वेळी ठोका देऊन त्यांचा बिघडलेला मेळ जमवतं, त्यानं पंपिंग खरोखर सुधारू शकतं. सीआरटी शॉकच्या सोयीसह मिळतं आणि शॉकशिवायही मिळतं. ‘यंत्र बसवायचंय’ असं डॉक्टर म्हणाले तर यातलं कोणतं, हा पहिला प्रश्न विचारावा. किडनीच्या पेशंटसाठी या प्रश्नाच्या उत्तरावर बाकी सगळं अवलंबून आहे.

आयसीडीचा फायदा ज्या अभ्यासांनी सिद्ध केला त्यातले दोन महत्त्वाचे. २००२ च्या मॅडिट-२ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि पंपिंग ३० टक्के किंवा कमी असलेले १,२३२ रुग्ण होते. सरासरी वीस महिन्यांत यंत्र नसलेल्यांपैकी १९.८ टक्के दगावले, यंत्र असलेल्यांपैकी १४.२ टक्के. २००५ च्या एससीडी-हेफ्ट अभ्यासात २,५२१ रुग्ण होते. त्यात पाच वर्षांचा मृत्युदर यंत्राशिवाय ३६.१ टक्के होता, यंत्रासह २८.९ टक्के. म्हणजे शंभर जणांना यंत्र बसवलं तर पाच वर्षांत सुमारे सात जणांचा जीव वाचतो. आकडा मोठाच आहे, औषधशास्त्रात एवढा फरक सहज मिळत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की, यंत्र असूनही शंभरातले जवळपास एकोणतीस गेले. ते कशानं गेले? बरेचसे पंप थकल्यामुळे, काही इतर आजारांनी. त्या मृत्यूंना यंत्राकडे उत्तर नव्हतं.

आणि या अभ्यासांत डायलिसिसवरचे रुग्ण जवळजवळ नव्हतेच. संशोधक सहसा असे पेशंट निवडतात ज्यांना दुसरा मोठा आजार नाही, म्हणजे निष्कर्ष स्वच्छ मिळतो. शास्त्राच्या दृष्टीनं ते ठीक, पण वॉर्डात पडलेला माणूस असा निवडून आलेला नसतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या लोकांची किडनीही मंदावलेली असते. हृदय कमी रक्त पाठवतं म्हणून किडनी उपाशी राहते, शिरांमध्ये रक्त तुंबतं म्हणून तिच्यावर मागून दाब येतो. किडनी मग मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्याचा भार पुन्हा हृदयावर. मधुमेह आणि रक्तदाब तर दोघांचेही समान शत्रू.

किडनीचं मोजमाप क्रिएटिनिनपेक्षा ईजीएफआर या आकड्यानं करणं बरं. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते, त्याचा तो अंदाज. ६० च्या वर असेल आणि लघवीतून प्रथिनं जात नसतील तर सहसा काळजी नसते. ६० ते ३० म्हणजे मध्यम बिघाड, ३० च्या खाली गंभीर, १५ च्या खाली किडनी जवळपास निकामी. बारीक चणीच्या म्हातारीचं क्रिएटिनिन कागदावर साधंच दिसतं आणि तिचा ईजीएफआर चाळीसच्या आत असू शकतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि तिच्याकडे स्नायूच कमी असतात.

आता या विषयातला खरा चकवा. किडनी खालावते तसा अचानक मृत्यूचा धोका वाढतो. डायलिसिसवरच्या लोकांमध्ये तर मृत्यूंचा मोठा वाटा अचानक हृदय थांबण्याचाच असतो. मग तर्क सांगतो की जिथे अचानक मृत्यू जास्त, तिथे शॉकच्या यंत्राचा फायदाही जास्त व्हायला हवा. बरीच वर्षं अनेक डॉक्टरांना तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात उलटं दिसलं.

मॅडिट-२ चे आकडे २००६ मध्ये किडनीच्या नजरेनं पुन्हा तपासले गेले. ईजीएफआर ३५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना यंत्राचा स्पष्ट फायदा होता, ३५ च्या खाली तो सापडला नाही. २०१४ मध्ये तीन मोठ्या अभ्यासांतल्या २,८६७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ६० च्या वरच्यांना यंत्रानं आयुष्य मिळालं, ६० च्या खालच्यांमध्ये ते सिद्ध झालं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या रोजच्या उपचारांतून आलेली माहिती प्रसिद्ध झाली. त्यात हार्ट फेल्युअर आणि किडनीचा आजार दोन्ही असलेले ५,८७७ रुग्ण होते. यंत्र बसवलेल्या आणि न बसवलेल्या, पण बाकी सारख्या असलेल्या रुग्णांच्या मृत्युदरात फरक नव्हता. उलट यंत्रवाल्यांना हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती व्हायची वेळ सुमारे दीडपट जास्त आली.

या शेवटच्या अभ्यासावर घाईनं उड्या मारू नयेत. चिठ्ठ्या टाकून कुणाला यंत्र द्यायचं हे त्यात ठरवलेलं नव्हतं, डॉक्टरांनी आपल्या अंदाजानं ते ठरवलं होतं. ज्यांना यंत्र मिळालं ते मुळातच जास्त आजारी असतील, तर कितीही जुळवाजुळव केली तरी थोडा फरक उरतोच. किडनीच्या मध्यम बिघाडात यंत्र निरुपयोगी आहे, असं हे पुरावे म्हणत नाहीत. फायदा होतो असं ठामपणे दाखवता आलेलं नाही, एवढंच ते म्हणतात. ४५ ते ६० मधला ईजीएफआर असलेल्या, बाकी धडधाकट, पन्नाशीतल्या माणसाला केवळ किडनीचं कारण सांगून कुणी यंत्र नाकारत असेल, तर मला ते चूक वाटतं.

डायलिसिसबद्दल मात्र चिठ्ठ्या टाकून केलेला एक अभ्यास आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आयसीडी-२ या अभ्यासात डायलिसिसवरच्या १८८ जणांना घेतलं होतं. पाच वर्षांत अचानक मृत्यू यंत्र असलेल्यांत ९.७ टक्के आणि नसलेल्यांत ७.९ टक्के. फायदा दिसायची आशाच उरली नाही म्हणून अभ्यास मध्येच थांबवला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातली मेख अशी की, या लोकांचं पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून चांगलं होतं. म्हणजे डायलिसिसही आहे आणि हृदयही फार अशक्त आहे, अशा माणसाला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. अशांसाठी डॉक्टरांना अजूनही बराचसा अंदाजच बांधावा लागतो.

यंत्र का हरतं?

पहिलं कारण हिशेबाचं आहे. किडनी निकामी होत आलेल्या माणसाला जंतुसंसर्ग, पक्षाघात, पाणी साचणं, रक्तवाहिन्यांचे आजार, सगळ्याच बाजूंनी धोका असतो. आपल्याकडे म्हणतात ना, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, तसंच हे. आयसीडी हे एका जागी घट्ट बसणारं उत्तम ठिगळ आहे. त्या जागी मृत्यू अडला तरी थोड्याच महिन्यांत तो दुसरीकडून येतो आणि एकूण आयुष्य फारसं वाढलेलं दिसत नाही.

मॅडिट-२ च्या संशोधकांनी २००८ मध्ये हेच वेगळ्या रीतीनं मांडलं. वय, दम लागण्याची पातळी, रक्तातलं युरिया नायट्रोजन (किडनी मंदावली की ते वाढतं), ईसीजीतला पट्टा, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरायला किती वेळ लागतो ते दाखवणारा भाग, किती रुंद आहे आणि वरच्या कप्प्यांचा ताल बिघडलाय का, या पाच गोष्टींवरून त्यांनी रुग्णांचे गट पाडले. ज्यांच्यात यातलं काहीच नव्हतं त्यांना यंत्राचा फायदा दिसला नाही, कारण ते तसेही जगणारच होते. ज्यांची किडनी फारच बिघडलेली होती, क्रिएटिनिन २.५ किंवा जास्त, त्यांनाही दिसला नाही. फायदा झाला तो मधल्या लोकांना. ‘जितका आजारी तितकी यंत्राची गरज जास्त’ हा आपला सहज समज इथे कोलमडतो.

दुसरं कारण तालाचंच आहे आणि मला ते सगळ्यात उद्बोधक वाटतं. डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय अचानक थांबतं तेव्हा आत नेमकं काय होतं? कातडीखाली ताल टिपणारी छोटी यंत्रं बसवून हे पाहिलं गेलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात डायलिसिसवरच्या ६६ जणांवर सहा महिने लक्ष ठेवलं होतं. नोंदल्या गेलेल्या गंभीर तालबिघाडांपैकी बहुतेक सगळे हृदय मंदावण्याचे होते, काही ठोका पूर्ण थांबण्याचे. शॉक लागेल असा सलग, बेफाम वेग अगदी विरळा. थरथरणाऱ्या हृदयाला शॉक ताळ्यावर आणतो. जे हृदय मंदावत मंदावत शांत झालंय, त्याला शॉक देऊन काय होणार? यंत्र तिथे पेसमेकरसारखा ठोका देऊ शकतं, पण रक्तातलं पोटॅशियम आभाळाला भिडलं असेल तर हृदयाचा स्नायू त्या ठोक्यालाही दाद देत नाही.

पोटॅशियम या कथेतला मोठा खलनायक आहे. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतो तेव्हा एकदा दोन दिवसांची मोठी सुट्टी येते आणि त्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू जास्त होतात, हे २०११ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं गेलं. पोटॅशियम वाढलं की ईसीजीचा आकार बदलतो, पट्टा रुंद होतो, टी लहर, म्हणजे ठोक्यानंतर खालचे कप्पे पूर्ववत होताना उमटणारी लाट, उंच आणि टोकदार होते. यंत्र कधीकधी एकच ठोका दोनदा मोजतं, वेग दुप्पट झाला असं समजतं आणि गरज नसताना शॉक देतं. उलट डायलिसिसमध्ये पोटॅशियम फार झपाट्यानं उतरवलं तरी ताल बिघडतो. म्हणून डायलिसिसच्या द्रावणातलं पोटॅशियम किती ठेवायचं, पाणी किती वेगानं काढायचं, हे नीट जुळवणं हाही अचानक मृत्यू टाळण्याचा उपाय आहे. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

तिसरं कारण यंत्राच्या उपद्रवाचं. इथे जरा थांबू, कारण यंत्र बसवायच्या आधी ज्याचा विचार व्हायला हवा आणि बऱ्याचदा होत नाही, अशी गोष्ट इथेच आहे.

डायलिसिससाठी हातात फिश्चुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर जोडून रक्ताचा जोरदार प्रवाह तयार करतात. तो सगळा प्रवाह कॉलरबोनखालच्या शिरेतून हृदयाकडे परततो. आयसीडीची लीडही त्याच शिरेतून जाते. लीड शिरेच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं घासते आणि शीर अरुंद होत जाते. निरोगी माणसाला हे कळतही नाही, रक्त आजूबाजूच्या शिरांनी वाट काढतं. पण त्याच बाजूला फिश्चुला असेल तर एवढा प्रवाह जाणार कुठे? हात सुजतो, डायलिसिस नीट होत नाही, कधी तो फिश्चुला सोडून द्यावा लागतो. डायलिसिसवरच्या माणसासाठी चांगला फिश्चुला म्हणजे आयुष्याची दोरी.

म्हणून नियम साधा: फिश्चुला ज्या हातात आहे किंवा पुढे व्हायचा आहे, त्याच्या विरुद्ध बाजूला यंत्र. अडचण अशी की यंत्र सहसा डाव्या बाजूला बसवतात आणि उजव्या हातानं काम करणाऱ्यांचा फिश्चुलाही डाव्याच हातात करतात. ईजीएफआर पंचवीसवर असलेल्या माणसाला आज डायलिसिस लागत नसेल, पण दोन-तीन वर्षांत लागू शकतो. त्याची हाताची शीर आजच राखून ठेवायला हवी. हृदयाच्या डॉक्टरांना याची आठवण करून देण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

संसर्गाचंही तसंच. शिरेत लीड असताना रक्तात जंतू गेले तर ते लीडला चिकटून वसाहत करतात आणि अँटिबायोटिकनं सहसा निघत नाहीत. सगळं यंत्र, लीडसकट, उपसून काढावं लागतं. जुनी लीड काढणं ही जोखमीची शस्त्रक्रिया असते. डायलिसिसवरच्या माणसाच्या रक्तवाहिनीत आठवड्यातून तीनदा सुई जाते, मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर जंतूंना राजमार्गच. यंत्राच्या संसर्गाचं प्रमाण अशांमध्ये इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. डबीभोवती अँटिबायोटिक भिनवलेली जाळीची पिशवी घातली तर मोठे संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात, असं जवळपास ७,००० रुग्णांच्या रॅप-आयटी अभ्यासानं २०१९ मध्ये दाखवलं. किडनीच्या पेशंटसाठी तिचा विचार करायला हरकत नाही.

यावरचा एक मार्ग म्हणजे शिरेला हातच न लावणारं यंत्र. कातडीखालच्या आयसीडीत डबी डाव्या बगलेखाली बसते आणि लीड छातीच्या मधल्या हाडाशेजारी कातडीखाली राहते. रक्तात काहीच नाही, शिरा मोकळ्या. २०२० च्या प्रीटोरियन अभ्यासात हे यंत्र नेहमीच्या यंत्रापेक्षा कमी नाही असं दिसलं. डायलिसिसच्या पेशंटला ते तत्त्वतः फार सोयीचं, पण मंद हृदयाला सतत ठोके देणं त्याला जमत नाही आणि मेळ जमवणंही नाही. वर पाहिलं त्याप्रमाणे डायलिसिसमध्ये हृदय मंदावण्याचाच धोका मोठा असेल, तर ही उणीव लहान नाही. शिवाय हे यंत्र ईसीजीच्या आकारावर फार अवलंबून असतं. पोटॅशियमनं टी लहर बदलते, म्हणून बसवण्याआधीची चाचणी डायलिसिसच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करून बघावी. नुसता पेसमेकरच हवा असेल तर लीड नसलेला, हृदयातच बसणारा कॅप्सूलएवढा पेसमेकरही आता मिळतो.

सीआरटीचा न्याय वेगळा

आतापर्यंतचं सगळं शॉकच्या यंत्राबद्दल होतं. वाचून कुणी सीआरटीलाही नकार देऊ नये म्हणून हे स्वतंत्र लिहितोय. हार्ट फेल्युअरच्या काही रुग्णांत डाव्या बाजूला वीज उशिरा पोहोचते. ईसीजीत त्याला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात, पट्टा १५० मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद होतो आणि हृदयाच्या दोन भिंती एकमेकींशी भांडल्यासारख्या आकुंचन पावतात. सीआरटीनं त्या एकत्र चालायला लागल्या की पंपिंग वाढतं, धाप कमी होते, आयुष्य वाढतं. २००५ च्या केअर-एचएफ अभ्यासात ८१३ रुग्ण होते आणि त्यातलं यंत्र शॉकशिवायचं होतं, तरी मृत्यू कमी झाले. किडनी मध्यम बिघडलेल्या लोकांनाही सीआरटीचा फायदा झालेला दिसतो. काहींची तर किडनीही थोडी सुधारते, कारण तिला पुन्हा नीट रक्त मिळू लागतं.

ते बसवताना डाव्या बाजूची शीर शोधायला डाय, म्हणजे एक्स-रेत शीर दिसावी म्हणून सोडायचं द्रव्य, वापरावा लागतो आणि डाय किडनीला त्रासदायक असतो. अनुभवी हात अगदी थोड्या डायवर काम भागवतात, हे आधीच बोलून ठेवावं. ज्यांची किडनी फार खालावली आहे, वय जास्त आहे, पण ईसीजी सीआरटीला अनुकूल आहे, त्यांच्यासाठी शॉकशिवायचं सीआरटी हा मला सगळ्यात समंजस पर्याय वाटतो. जगण्याचा दर्जा सुधारतो आणि शॉकची टांगती तलवारही राहत नाही.

आधी औषधं

यंत्राची शिफारस किमान तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही पंपिंग वर आलं नाही तरच करतात. हार्ट अटॅक नुकताच आला असेल तर निदान चाळीस दिवस थांबतात. ही औपचारिकता नव्हे. १९९५ ते २०१४ या काळातल्या बारा अभ्यासांमधल्या ४०,००० हून जास्त रुग्णांची माहिती एकत्र पाहिली, तेव्हा अचानक मृत्यूचं प्रमाण त्या काळात ४४ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. ही किमया प्रामुख्यानं औषधांची.

किडनीच्या पेशंटला मात्र हीच औषधं अर्धवट मिळतात. क्रिएटिनिन थोडं वाढलं की एक औषध बंद, पोटॅशियम वाढलं की दुसरं बंद. कधी ते बरोबर असतं, पण पुष्कळदा नुसत्या भीतीपोटी होतं. औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिनमध्ये थोडी वाढ अपेक्षितच असते. पोटॅशियम शोषून घेणारी नवी औषधं आल्यामुळे आता बंद केलेलं औषध पुन्हा सुरू करता येतं. एसजीएलटी-२ गटातली औषधं, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, तर हृदय आणि किडनी दोन्हींना जपतात आणि ईजीएफआर साधारण २० पर्यंत असला तरी सुरू करता येतात. ही सगळी नीट दिली गेली का, याचं उत्तर ‘नाही’ असेल तर यंत्राची चर्चा अजून वेळेआधीची आहे. तालावरच्या औषधांतही किडनी बघावी लागते. सोटालॉल किडनीतून बाहेर पडतं, त्यामुळे ते साचून उलट ताल बिघडवू शकतं, अमिओडारोनला तो प्रश्न नसतो.

एक भेद राहिला. वरचं बहुतेक विवेचन ज्यांना अजून काही झालेलं नाही, केवळ पंपिंग कमी आहे म्हणून यंत्र सुचवलंय, त्यांच्याबद्दल आहे. ज्याचं हृदय एकदा थरथरून थांबलं आणि तो शॉकनं परत आला, त्याचा धोका सिद्ध झालेला आहे. किडनी खराब असली तरी त्याच्या बाबतीत यंत्राकडे झुकतं माप असतं. अपवाद एकच: तो प्रसंग पोटॅशियम वाढल्यानं घडला असेल तर आधी ते कारण निपटायचं.

निर्णयाच्या वेळी डॉक्टर मनात एक अंदाज बांधत असतात. हा माणूस वर्षभराहून जास्त, ठीकठाक अवस्थेत जगेल का? आयसीडीसाठी ही मूळ अट आहे. तो अंदाज त्यांना मोठ्यानं बोलायला लावावा. अचानक जाण्याची शक्यता जास्त आहे की पंप थकून किंवा किडनीनं जाण्याची, हेही थेट विचारावं. किडनी बदलायची शक्यता असेल तर तेही सांगावं, कारण प्रत्यारोपणाच्या रांगेत असलेल्या चाळिशीतल्या माणसाचा हिशेब ऐंशीच्या घरातल्या, डायलिसिसनं थकलेल्या आजोबांपेक्षा पूर्ण वेगळा असतो. आणि पेशंटला स्वतःला काय हवंय, हे कुणीतरी विचारायला हवं. काही जण म्हणतात, झोपेत गेलो तर सोनं झालं. काही जणांना नातीचं लग्न बघायचं असतं. दोन्ही उत्तरं वैद्यकीयदृष्ट्या वापरण्याजोगी आहेत.

हा निर्णय एकदाच घ्यायचा असतो असंही नाही. डबीची बॅटरी वापरानुसार साधारण सात ते दहा वर्षं टिकते, काहींची त्याहून जास्त. ती संपत आली की बहुतेक जण आपोआप नवी बसवून घेतात. पण तोवर परिस्थिती बदललेली असू शकते. पंपिंग सुधारलेलं असेल, इतक्या वर्षांत एकही शॉक लागला नसेल आणि डायलिसिस सुरू झालेला असेल, तर डबी बदलताना होणाऱ्या संसर्गाचा धोका यंत्राच्या फायद्याहून मोठा ठरू शकतो. शॉकची सोय बंद करून फक्त पेसमेकरचं काम चालू ठेवणंही शक्य असतं. त्यासाठी कापाकापी लागत नाही, बाहेरून प्रोग्रामर नावाचं उपकरण लावून पाच मिनिटांत सेटिंग बदलतात आणि पेशंटला काही जाणवतही नाही. डायलिसिस थांबवायचा निर्णय झालेला असेल, माणूस शेवटच्या दिवसांत असेल, तर हे वेळेत करून घ्यावं. नाहीतर शेवटच्या तासांत पोटॅशियम वाढून ताल बिघडतो आणि यंत्र आपलं काम इमानेइतबारे करत शॉकमागून शॉक देत राहतं. रात्री-अपरात्री प्रोग्रामर मिळाला नाही तर डबीवर विशिष्ट चुंबक ठेवला तरी बहुतेक यंत्रांचे शॉक तेवढ्यापुरते थांबतात. तो चुंबक कुठे मिळेल, हे यंत्र बसवणाऱ्या विभागाला आधीच विचारून ठेवावं.